विठ्ठलचे मंगळवार

लाटंबार्शाच्या कृष्णनाथाला कुणी साधं "बरे आहात ना?" विचारलं, तरी तो आधी विचारणाऱ्याकडे रोखून बघायचा. याला का हवी माझी चौकशी? पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, उंडे पाव लहान झालेत हे गावात सगळ्यांत आधी त्याच्या लक्षात आलं होतं, आणि ते फक्त आपल्याच घरासाठी लहान केलेत असं मानणाराही गावात तोच एकटा होता. त्याची बायको प्रभावती म्हणायची, "तुमका देव पावलो तरी तुमी तेका विचारतलात, माकाच कित्याक पावलंस?"

म्हणून हायस्कुलातला रुद्रेश मास्तर जेव्हा स्कूटर लावून अंगणात आला आणि म्हणाला, "काका, येत्या आयताराक डिचोलीत तुणतुण्यावाल्यांचो मेळावो करतंव, तुमी येवचा," तेव्हा कृष्णनाथाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. कसला मेळावा? कुणी सांगितला? जुनी वाद्यं गोळा करून हॉटेलांच्या भिंतींवर टांगायची असतील. रुद्रेश बिचारा सरळ माणूस. जुनं वाजवणं नव्या पोरांच्या कानावर पडावं एवढंच त्याच्या मनात होतं, आणि ते त्याने तीन वेळा समजावून सांगितलं. कृष्णनाथ तिन्ही वेळा "बघूया" म्हणाला.

तुणतुणं म्हणजे एका तारेचं वाद्य. खाली लाकडी पिंप, त्याच्या तळाला कातडं, बाजूने वर गेलेली काठी आणि तिच्या टोकाला तार ताणायची खुंटी. गोंधळात पुढे उभा राहून गातो तो मुख्य गोंधळी. त्याच्या मागे तुणतुणं छेडत जो उभा असतो आणि ओळ संपली की पालुपद उचलतो, तो झीलकरी. कृष्णनाथ पोटासाठी खाणीवर दगड फोडायच्या क्रशरावर होता, पण खरा अठ्ठावीस वर्षं झीलकरी, आणि एकाच माणसाचा. दोडामार्गाकडचा विठ्ठल गायचा, मागे कृष्णनाथ वाजवायचा. विठ्ठलला जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून तुणतुणं जुन्या पंच्यात गुंडाळून भिंतीला लटकत होतं.

रुद्रेश उठता उठता म्हणाला, "पेडण्याचेय चार-पाच जाण येतले."

"पेडण्याचे?" कृष्णनाथ ताठ बसला. "येतंय मी."

प्रभावतीने आतून हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पेडणं म्हटलं की नवऱ्याच्या मनात कुठली पाल चुकचुकते, हे तिला पाठ होतं.

झालं होतं असं. शेवटच्या सहा-सात वर्षांत विठ्ठल दर मंगळवारी दुपारी गायब व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, म्हापशाला औषध आणायला जातो. आठवड्याला कसलं औषध? कृष्णनाथाने बसच्या कंडक्टरला गाठलं, तर तो म्हणाला, तुमचा विठ्ठल म्हापशाला नव्हे, पेडण्याला उतरतो. झालं, यात पाणी मुरतंय हे कृष्णनाथाला कळून चुकलं. विठ्ठलने पेडण्यात दुसरा झीलकरी धरलाय. आपल्याला मागे ठेवून तिकडे गातो.

त्याने विठ्ठलला तोंडावर विचारलं होतं. विठ्ठल नुसता हसला आणि तंबाखूची चंची पुढे केली. तिथून कृष्णनाथाच्या मनातला किडा वाढत गेला. शेवटच्या वर्षी विठ्ठलचा आवाज चढावर फाटायला लागला. एका लग्नघरच्या गोंधळात तर तो दोनदा थांबला, आणि तेव्हा कृष्णनाथ पंचवीस माणसांसमोर म्हणाला होता, "बरो आवाज पेडण्यात खर्चून येता, आनि उरलेलो चोथो आमका घालता." विठ्ठलने मान खाली घातली. त्यानंतर दोघे एकत्र उभे राहिले नाहीत. सात महिन्यांनी विठ्ठल गेला. कृष्णनाथ गेला होता मातीला, पण घरात शिरला नाही, रस्त्यावरच उभा राहून परत आला.

विठ्ठलने आपल्याला फसवलं की नाही, एवढं एकच त्याला कळून घ्यायचं होतं. फसवलं असेल तर आपण रस्त्यावर उभे राहिलो ते बरोबर. आणि नसेल तर? त्या बाजूला तो विचार नेतच नसे.

रविवारी सकाळी अंघोळ करून त्याने देवासमोर बसून तार लावली. हा त्याचा नेम. घरी देवासमोर सूर लावायचा आणि घरी परत येईपर्यंत खुंटीला हात लावायचा नाही. गाणाऱ्याकडे "सूर दे रे" म्हणून तोंड वेंगाडणारे झीलकरी वेगळे. मधे एकदा डिचोलीतला एक पेटीवाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, तुमची तार चढलीय. कृष्णनाथाने त्याच दिवशी तुणतुणं भिंतीला टांगलं आणि वर्षभर खाली काढलं नाही. शेवटी विठ्ठल तीन वेळा घरी आला. तिसऱ्या वेळी अंगणात उभा राहून म्हणाला, "तेचो कान चुकलो. तुझी तार बरोबर आसा, तू चल." कृष्णनाथाला हे प्रशस्तिपत्र आजही तोंडपाठ होतं.

डिचोलीचं सभागृह देवळाला लागून होतं. आत त्याला धरून अकरा जण जमले होते, प्रत्येकाच्या मांडीवर तुणतुणं. लोक शंभरेक असतील, त्यांतली अर्धी रुद्रेशने दमदाटी करून आणलेली शाळेची पोरं. कृष्णनाथाने कोपऱ्यातली खुर्ची धरली, पाठ भिंतीला, म्हणजे सगळे दिसतात. पेडण्याचे कोण, हे तो चेहऱ्यांवरून ताडत होता.

रुद्रेशने चार शब्द बोलून हात जोडले. "आता वाजवा."

कुणीच वाजवेना. एकजण दुसऱ्याकडे बघतोय, दुसरा तिसऱ्याकडे. पोरं खुदखुदायला लागली. रुद्रेश घामाघूम. त्याच्या लक्षात आलंच नव्हतं की त्याने अकराच्या अकरा झीलकरी गोळा केलेत. जन्मभर दुसऱ्याच्या पाठीकडे बघत वाजवत आलेली माणसं ही. समोर कुणीतरी ओळ टाकल्याशिवाय यांचा हात उठायचा कसा? अकरा वऱ्हाडी जमवले आणि नवरदेवाला आमंत्रणच नाही, अशी गत.

"कोणीतरी सुरू करा हो," रुद्रेश काकुळतीला आला.

तेव्हा मधल्या रांगेतल्या एका बाईने तार छेडली. साठीची असेल. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, काठाची सुती साडी. नुसती तार, गाणं नाही. टुण, टुण, टुण.

कृष्णनाथ खुर्चीत पुढे सरकला. हा सूर त्याचा होता. लोक म्हणतील, तारेचा आवाज तो काय, सगळीकडे सारखाच. तसं नसतं. विठ्ठल ज्या सुरात गायचा तो कुठल्याच पेटीत सापडायचा नाही, आणि म्हणूनच कृष्णनाथाला त्याचा अभिमान. जगात तो सूर दोनच ठिकाणी होता, विठ्ठलच्या गळ्यात आणि आपल्या तारेत. त्याने हळूच स्वतःची तार छेडली. दोन आवाज एकमेकांत असे मिसळले की वेगळे काढता येईनात.

बाईने झटकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा हात थांबला. दुसऱ्या कुणी हे पाहिलं नसेल, पण कृष्णनाथ असल्या गोष्टी बघायलाच जन्माला आला होता. बाई दचकली होती. चोराच्या मनात चांदणं.

रुद्रेश फोन घेऊन प्रत्येकाजवळ जाऊ लागला. फोनवर सुराचा काटा दिसत होता. सगळ्यांना एका सुरात आणल्याशिवाय एकत्र वाजवणार कसं? कृष्णनाथाजवळ आल्यावर तो गोंधळला. पुन्हा त्या बाईजवळ गेला, पुन्हा आला.

"गंमत आसा, काका. अकरा जणांत फकत तुमचो आनि सरस्वतीबायचो सूर एक. केसाचोय फरक नाय. पण तो खयच्या पट्टीत बसना. काळी दोन आनि पांढरी तीन, दोगांच्या मदीच लोंबकळता. वायच उतरवया?"

"माझ्या खुंटयेक हात लावचो नाय," कृष्णनाथ म्हणाला.

सरस्वतीबाय. म्हणजे झीलकरी नव्हे, झीलकरीण. त्याने इतकी वर्षं एका पुरुषाचा संशय घेतला होता, आता तो सगळा संशय नव्याने, बाईच्या मापाने शिवायला लागणार होता.

अकराच्या सुमारास पातळभाजी आणि उंडे आले. कृष्णनाथ बशी घेऊन बरोबर पेडण्याच्या प्रशांतच्या बाजूला जाऊन बसला. हा पन्नाशीचा, गोलमटोल आणि बोलका. अशा माणसाला फार खोदावं लागत नाही.

"ती बाय तुमच्या गावची?"

"सरस्वतीबाय? व्हय तर. बापाशीचा तुणतुणा वाजयता. बापूस मोठो गोंधळी. घरात पोरगो नाय, मगे हीच शिकली. हात बघलास मा तिचो?"

"कोणाच्या पाठसून वाजयता?"

"आता कोणाच्याच नाय. आदी एक दोडामार्गवालो येय. दर मंगळवारी, दनपारां. पडवेर बसान गाय. आमका रस्त्यार आयकाक येय." प्रशांतने उंडा भाजीत बुडवला. "पण काय रे बाबा तेचा गाणा. तीच ओळ धा-धा वेळा. मदीच आवाज फाटय, मगे परत तीच. आमची बायल म्हणा, हेका दुसरी ओळ येयत नाय काय?"

कृष्णनाथाने बशी खाली ठेवली. आता उरलं काय? सूर सापडला, घर सापडलं, वार सापडला. आपल्या अंगणात येऊन "तुझी तार बरोबर आसा" म्हणणारा माणूस आपला सूर बाहेर नेऊन दुसरीच्या खुंटीला बांधून आला होता. त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाबरोबर थोडं हायसंही वाटलं. म्हणजे आपण रस्त्यावर उभे राहिलो ते बरोबरच.

सरस्वती मागच्या बाजूला नळावर बशी धूत होती. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"विठ्ठल तुझ्याकडे येय," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

तिने नळ बंद केला, हात पदराला पुसले. "तुमी कृष्णनाथदादा. सूर आयकलंय तेवाच वळाखलंय."

"वळाखतलीसच. माझो सूर तुझ्या घरात कसो पावलो?"

"तेणी आणलो."

"आनि तू ठेवन घेतलंस."

"दादा, ह्या विषयार बोलाचा नाय म्हणान मी तेका शब्द दिलंय," ती शांतपणे म्हणाली. "तो गेलो, पण शब्द काय जावक नाय. तुमी खावा."

शब्द दिला होता. कृष्णनाथाला एवढं पुरेसं होतं. खरं असतं तर लपवायला कशाला लागतं? मग त्याच्या तोंडाला आवर राहिला नाही. तू माझा गाणारा चोरलास, म्हणाला. चांगला आवाज तुमच्या पडवीवर गेला आणि आमच्याकडे चोथा आला. आपल्या बापाच्या तुणतुण्याला दुसऱ्याच्या माणसाचा सूर लावून तू लोकांत मिरवतेस, तुला लाज नाही. आणि त्याच्यापुढे जाऊन त्याने एक वाक्य असं टाकलं, जे साठीच्या बाईला कुणी बोलू नये.

सरस्वतीचा चेहरा कठीण झाला. ती रडली नाही, ओरडली नाही. कमरेची पिशवी उघडून तिने फोन काढला आणि बराच वेळ त्यात बोट फिरवत राहिली.

"माझ्या भाचयेन, तनयान, एका मंगळवारी हा भरून ठेयला. तेका म्हायत नाय होता. आज माझो शब्द मोडता तो तुमी मोडयलात, मी नाय." तिने आवाज मोठा करून फोन त्याच्या हातात दिला. "आयकात. सगळा आयकात, मगेच काय ता बोलात."

कृष्णनाथाने फोन कानाला लावला. आधी कोंबड्यांचा आवाज आला, कुणीतरी अंगण झाडत होतं. मग तुणतुणं. पण हा तो सूर नव्हता, फार खाली होता. आणि त्यावर एक माणूस गायला लागला. देवीला गोंधळाला बोलावणारी ओळ, कृष्णनाथाने हजारदा उचललेली. आवाज जाड, भरदार. आपल्याच ओसरीवर पाय पसरून बसलेल्या माणसासारखा तो आवाज निवांत होता, कुठे ओढ नाही, कुठे ताण नाही. असा आवाज कृष्णनाथाने कैक वर्षांत ऐकला नव्हता.

त्याने फोन कानापासून दूर केला. "हो कोण? विठ्ठलाबगर आनीक एक माणूस येय तुझ्याकडे?"

सरस्वतीने फोनकडे बोट दाखवलं. "आयकात," म्हणाली.

त्याने पुन्हा कान लावला. ओळ संपली. तो माणूस खाकरला, हसला, आणि बोलला.

"बरा वाटला गो बाय. गळो मोकळो झालो. आता चडय. कृष्णनाथाच्या सुरार येवया."

खुंटी करकरली. तार वर चढू लागली.

"आनीक. आनीक वायच. नाय, तो हेच्याय वर आसता. हां, थांब. हय आसता तो."

आणि तीच ओळ पुन्हा सुरू झाली, उंच, आवळलेली, मानेच्या शिरा ताणून काढलेली. पहिल्या शब्दालाच कृष्णनाथाची खात्री झाली. हा विठ्ठल. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या पाठीमागे तो उभा राहिला, तो हा.

तो नळाच्या कट्ट्यावर बसला. फोन हातात वाजत होता.

"पयलो आवाज," तो म्हणाला, "तोय विठ्ठलच?"

"तो तेचो सोताचो," सरस्वती म्हणाली. राग तिच्या आवाजातून अजून गेला नव्हता, पण ती त्याच्यापासून दोन हातांवर कट्ट्यावर टेकली. "तुमी खाणीर क्रशराकडे लागलात, आनि तेच्या आवाजान तुमचो कान बिगाडलो. तार वर्साक वायच, वर्साक वायच चडत गेली. तो तिच्या पाठसून चडत गेलो. वय झाला तसा तेका झेपाना. घरात सराव करूक गेलो तर बायल-पोरां विचारतली, गावात केलो तर तुमच्या कानार येतला. म्हणान आमच्याकडे येय. माका म्हणा, तार तेच्या सुरार लाय, माका थय पावाक व्हया."

"माका सांगाचा तरी. उतरयली असती मी."

"पेटयेवाल्यान सांगितल्लान मा तुमका?"

ते वर्ष कृष्णनाथाला आठवलं, भिंतीवरचं तुणतुणं, आणि अंगणात तिसऱ्यांदा येऊन उभा राहिलेला विठ्ठल.

"तो म्हणा, क्रशरार तेका मीच लायलंय, मुकादमाक सांगान. कान माझ्यामुळे गेलो, मगे सूर मीच सांभाळूक व्हयो." सरस्वतीने पदराने हात पुन्हा पुसले, ते कधीच कोरडे झाले होते. "तुमी लोकांत काय बोललात, ताय सांगितलान माका. त्या मंगळवारी हो इलो तो तिनाच्या बसीन. पाच वाजासर सोडूक नाय. म्हणा, कृष्णनाथ खोटा बोलना, चडार माझो आवाज चोथोच झालो हा, तो साफ करूक व्हयो. ह्या जा आयकतात मा, ता त्याच मंगळवारचा."

सभागृहातून रुद्रेशचा आवाज आला. खाणं आटोपलं होतं आणि तो एकेकाला नावाने हाका मारत होता. कृष्णनाथाचं नाव दोनदा घेतलं गेलं. तो उठला नाही. त्याने फोन आता दोन्ही हातांनी धरला होता आणि ज्या कानाने जरा बरं ऐकू येई, त्या कानाला लावला होता.

विठ्ठल चढावर पोचला आणि आवाज फाटला. थोडा वेळ नुसती तार वाजत राहिली.

"परत," विठ्ठल म्हणाला, आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी आवाज फाटला. एक खोकला, पाण्याचा घोट.

"परत घे गो बाय," तो म्हणाला.